तुझ्या नावाची हजेरी

दादा,

शोकसभेत अण्णांवर काय तोंडभरून बोललास! माजी सैनिक, शून्यातून कुलपांचा कारखाना उभा करणारे, एक्क्याण्णवाव्या वर्षापर्यंत घरासाठी झिजलेले. लोक डोळे पुसत होते, मी दातओठ खात होते.

कारखान्यात जाण्याआधी रोज सकाळी ते आपल्या दोघांची हजेरी घ्यायचे, हे रंगवून सांगितलंस. तू भांडून घर सोडल्यावरही वीस वर्षं तुझं नाव पुकारायचे, ते शिताफीने गाळलंस. उत्तर येईपर्यंत चहाला हात लावायचे नाहीत. मग मीच म्हणायचे, "हजर!"

हे पत्र पाठवणार नाही. पुढच्या भाषणात तेही वापरशील.

माझं नाव पुकारणं त्यांनी केव्हाच सोडलं होतं. एकदा विचारलं, तर म्हणाले, "तू कुठे जाणार आहेस?"

तुझ्या नावाला ओ देणारी,
तुझी बहीण