कात्री लावलेला पंख

आबा, तुम्ही गेलात तेव्हा आपल्यात धड बोलणं नव्हतं, आणि आज इतक्या वर्षांनी मी माफी मागायला बसलेली नाही. त्या सकाळी तुम्ही जे ऐकून घेतलं नाहीत, तेच पुन्हा सांगायला बसले आहे.

लढाईच्या काळात कोरीट गावापलीकडच्या माळावर शिकाऊ वैमानिकांसाठी मैदान झालं, आणि प्रकाशा गावात बैलगाड्या करणारे तुम्ही तिथे विमानांचे सुतार झालात. मी नवरा गेल्यावर माहेरी आलेली, चोवीस वर्षांची. तुम्हीच तिथल्या साहेबाला विनवून मला शिवणाच्या शेडमध्ये लावलंत. एकावर एक दोन पंखांची जुनी विमानं होती ती. आत लाकडाचा सांगाडा आणि वरून कापड. तुम्ही सरसाच्या गोंदाने वासे नि फासळ्या सांधायच्या, आम्ही बायकांनी त्यावर कापड ताणून शिवायचं नि रोगण चढवायचं. शिकणारे त्यांतूनच आभाळात कोलांट्या मारत. विमानं मात्र उन्हाळाभर उघड्यावर तापत आणि पावसाळाभर भिजत.

एका दुपारी कोलांटी मारता मारता एकाचा पंख मोडला. शिकवणारा आणि शिकणारा, दोघेही गेले. शिकणाऱ्याने दांडी जोरात ओढली, असं साहेबाने ठरवून टाकलं. मोडका पंख उचलून आणायला तुम्ही गेला होतात. घरी जेवायला बसल्यावर म्हणालात, "लाकूड तुटनं नही. सरस सुटना. सांधा असा साफ उघडेल व्हता, जसा कधी जोडेलच नव्हता."

"तुम्ही साहेबले सांगं का?" मी विचारलं.

"सांगं. तो म्हने, तू तुन्हा रंधा मार."

चारच दिवसांनी त्याच वयाचं दुसरं विमान तपासायला आलं. कापड उसवायला वेळ नाही, वरूनच बघा, असा हुकूम होता. तुम्ही पंखावर हात फिरवलात आणि विमान ठीक आहे म्हणून वहीत सही केलीत. शाळेत गिरवलेली, वळणदार सही. मी समोरच होते. तुम्ही माझ्याकडे बघितलं नाहीत.

दुसऱ्या सकाळी त्या पंखाला ठिगळ लावते आहे. हाताचा भार पडतो तशी आतून कुरकुर येते. पुन्हा दाबते, पुन्हा येते. तेवढ्यात दोघे जण उडायला येतात. शिकणारा तरुण तर पुढच्या जागेवर बसलासुद्धा. मी शिकवणाऱ्याला म्हणते, हे नेऊ नका. तो हसतो. "सुतारने सही की है, बहन." मग मी कात्री घेते आणि वाशावरचं कापड हातभर फाडते. तुम्ही शेडमधून धावत येता.

"हात काढ! मन्ही सही शे त्यावर."

"तुमनी सही शे म्हनीसनच कापस, आबा."

कात्रीचं पातं मी सांध्यात घातलं. ते जोर न लावता मुठीपर्यंत आत गेलं. तरुणाने ते पाहिलं, डोक्यावरची चामड्याची टोपी काढली आणि खाली उतरला. शिकवणारा हसायचा थांबला होता. आणि तुम्ही सगळ्यांदेखत माझ्या थोबाडीत मारलीत. "मन्हं नाक कापं तू," म्हणालात.

दुपारपर्यंत आपल्या दोघांचीही नोकरी गेली. तुमची खोट्या सहीसाठी, माझी सरकारी माल फाडल्याबद्दल. पुढे त्या सगळ्या जुन्या पंखांवरचं कापड उसवलं गेलं. आणखी दोन विमानांचे सांधे तसेच सुटलेले निघाले आणि ती पुन्हा उडाली नाहीत. हे मी तुम्हाला सांगितलं तेव्हा तुम्ही पाठ फिरवलीत. तो तरुण आईला घेऊन प्रकाशाच्या देवळात आला, आपल्या दारातही आला. त्याच्या आईने माझे हात धरले. तुम्ही आतल्या खोलीतून बाहेर आला नाहीत.

घरात खाणारी तोंडं होती, साहेबाशी वैर परवडणारं नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. कळलं म्हणून पटलं असं नाही. ज्या माणसाने गाडीचं एक चाक कधी कच्चं दिलं नाही, त्याने तो पंख दिला, याचा राग मी सोडलेला नाही. शहाद्याला मी शिवणाचं दुकान टाकलं, तेव्हा तुम्ही सागवानी मेज करून पाठवलंत. निरोप नाही, आशीर्वाद नाही. मी मेज ठेवून घेतलं, पण भेटायला आले नाही. मीही तुमचीच लेक.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा कुणी वाचेल ही भीतीही नाही. लोक म्हणतात, सुताराची पोर, तिला लाकडातलं कळत होतं. इतकी वर्षं मी त्यावर मान हलवत आले. तुम्हाला म्हणून सांगते, मला खात्री नव्हती. जुना पंख कुठलाही दाबा, थोडा कुरकुरतोच. कापड फाडताना मला तुमची सही खोटी पाडायची होती; पंखाचं नंतर कळलं.