बेचाळिसावा गोल

प्रिय बाबा,

आधी सांगते, घरी सगळे ठणठणीत आहेत. आता खुर्चीत बसा, दुपारची गोळी राहिली असेल तर घ्या आणि हे सावकाश वाचा. डॉक्टरांनी तुमच्यासमोर हॉकीचं नाव काढायचं नाही म्हणून बजावलंय, मला माहीत आहे. आईने तर काल तुम्हाला फोनवर सरळ थाप मारली, "शुक्रवारची मॅच? झाली असेल बाई, मला काय माहीत!" पण तिथे इस्पितळात तुमच्या शेजारच्या खाटेवरचे गृहस्थ उशीखाली रेडिओ लपवतात, हे तुम्हीच तिला सांगून बसलात. अर्धवट काहीतरी कानावर जाऊन तुमच्या छातीत धडधडण्यापेक्षा सगळं मीच सांगते. धडधड तर माझीच थांबलेली नाही. रविवारची सकाळ आहे, आई चर्चमध्ये गेलीय आणि मी स्वयंपाकघरात एक ओळ लिहिते, एक फेरी मारते.

तर, तुमच्या लेकाची, रास्तोची, निवृत्तीआधीची आपल्या गावातली शेवटची मॅच. स्टेडियम सहालाच भरलं. आपल्या लीगमध्ये त्याचे दोनशे नव्व्याण्णव गोल झालेले, हवा फक्त एक. क्लबच्या अध्यक्षांनी अक्रोडाचा केक आणून माझ्याच नोंदींच्या टेबलाखाली ठेवला होता, वर साखरेत ३००. मी म्हटलं, "आकडा आधीच कशाला लिहिलात?" तर म्हणाले, "ब्रोन्का, तू पाळण्यातही अशीच काळजी करत होतीस का गं?" माइकवर नेहमीसारखा विलो. तो हसला. मी पेन्सिलीला टोक काढलं, मग दुसऱ्या पेन्सिलीला काढलं.

रास्तो बर्फावर उतरला आणि मला उगाच सगळं आठवायला लागलं. एकविसाव्या वर्षी तो अमेरिकेत चाचणीला गेला आणि पंधरा दिवसांत एक टोपी घेऊन परत आला, तेव्हा तुम्ही ती टोपी कपाटावर अशी ठेवलीत की जणू करंडकच. मग चेक लीग, मग फिनलंडचे चार हिवाळे, मग कझाखस्तानातला तो एक, जिथून त्याने समोरचे दोन दात नसलेला फोटो पाठवला आणि आई आठवडाभर जेवली नाही. तिशीत परत आला तेव्हा लोक म्हणाले, म्हातारा झाला. त्यानंतर त्याने सात वर्षं आपल्याच गावात गोल केले. आणि बाबा, यातला आपल्या बर्फावरचा जवळजवळ प्रत्येक गोल एक तर तुम्ही लिहिलात, नाही तर मी.

दुसऱ्या सत्रात, अकरा मिनिटं चाळीस सेकंदांवर, त्याने निळ्या रेषेजवळून चकती मारली. समोर आपला गलेलठ्ठ ग्रेगोर पाठ करून उभा. चकती जाळ्यात! पंच टेबलाशी आला, बोटांनी रास्तोचा सत्तावीस नंबर दाखवला, मी सत्तावीस लिहिलं, आणि विलो असा ओरडला की त्याचा आवाज फाटला. "रास्तिस्लाव शोल्तीऽऽस! तीनशेऽऽ!" वरून टोप्यांचा पाऊस. लोक रडत होते, बाबा. मीही रडत होते, पण वेगळ्या कारणाने. मी पाहिलं होतं. चकती ग्रेगोरच्या बुडाला लागून वळली होती, आणि शेवटचा स्पर्श ज्याचा, गोल त्याचा. ग्रेगोरला स्वतःला पत्ता नव्हता, तो रास्तोच्या गळ्यात पडला होता.

मी विलोला सांगितलं. तो माइकवर हात ठेवून म्हणाला, "ब्रोन्का, तुझ्या पाया पडतो, गप्प बस. लोक आपल्याला कच्चं खातील." मी दहा मिनिटं गप्प बसले. खरंच बसले, तुमच्यापासून लपवत नाही. ती दहा मिनिटं मी कागदावरचा तो सत्तावीस पाहत होते. अंक मला तुम्ही शिकवलेत, खेळाडूंच्या पाठीवरून. पहिलीत बाईंनी सत्तावीसनंतर काय येतं ते विचारलं आणि मी "एकतीस" म्हणाले, कारण आपल्या संघात त्या वर्षी मधल्या नंबरचं कुणीच नव्हतं. वर्ग हसला, पण घरी तुम्ही म्हणालात, "जे दिसलं ते सांगितलंस, बरोबर केलंस."

मध्यंतरात पंचाकडे गेले. तो म्हणाला, "शोल्तीसोवा, डोकं ठिकाणावर आहे ना? सख्खा भाऊ आहे तुझा." मी म्हटलं, "म्हणूनच." त्याने चित्रण तीनदा पाहिलं, मग टोपी काढून डोकं खाजवलं. म्हणाला, "शेवटी बुडाने केला होय!"

विलोने तिसऱ्या सत्राआधी दुरुस्ती वाचली तेव्हा संतापाच्या शिट्ट्यांनी छप्पर हललं. कुणीतरी कोफोलाचा पेला भिरकावला, तो काचेवर फुटला. "स्वतःच्या भावाला बुडवलंस गं!" ही हाक तर आपल्या बेकरीवालीची होती, मी आवाज ओळखला. आणि रास्तो सरळ माझ्या टेबलाकडे यायला लागला. मी उभी राहिले. का, कुणास ठाऊक. त्याने विचारलं, "तू?" मी मान डोलावली. तो हसला, बाबा! कझाखस्तानातलं सगळं खिंडार दाखवत हसला. काचेच्या फटीतून वाकून म्हणाला, "बरं झालं. पहिला खोटा, शेवटचाही खोटा, असले तीनशे घेऊन काय करायचं? पहिला ओंद्रुशकाकांचा होता. बाबांना विचार." आणि गेला.

पुढची वीस मिनिटं मी कशी लिहिली, देव जाणे. रास्तो पिसाटल्यासारखा खेळला. दोनदा चकती खांबावर आदळली, ठण्ण! शिट्ट्या मारणारेच लोक उभे राहून त्याचं नाव घेत होते. गोल झाला नाही. आपण चार-तीनने जिंकलो. मग निरोपाचं भाषण करायला त्याच्या हातात माइक दिला, तर हा म्हणतो, "अध्यक्षसाहेब, निरोप कसला? माझा एक कमी आहे. आणखी एक हंगाम द्या." क्षणभर कुणाला कळलंच नाही, आणि मग जो गजर झाला! अध्यक्ष सही करायला कागद शोधू लागले. माझ्या मॅचच्या कागदाला मी हात लावू दिला नाही. शेवटी केकच्या खोक्याचं झाकण दिलं, त्यावर दोघांनी सही केली. खरा करार मंगळवारी होईल. केक आपल्या फ्रीजरमध्ये आहे. बाबा, तो खेळणार आहे! जाता जाता माझ्या कानात म्हणाला, "लोकांसाठी एक, पण आपल्या दोघांसाठी दोन."

आता सावकाश वाचा.

रास्तोचा पहिला गोल झाला तेव्हा मी आठ वर्षांची होते. घरी खसखशीत घोळलेले बटाट्याचे गोड शुलांत्से झाले आणि तुम्ही एकटेच गात होतात, एवढंच मला आठवतं. त्यानंतर तुम्ही मला टेबलाशी, उलट्या बादलीवर, बसवायला लागलात. रास्तो बर्फावर आला की तुम्ही नजर कागदावर खिळवायचात, पेन्सिलीचं टोक चावायचात, आणि गोल झाला की मला विचारायचात, "ब्रोन्का, कोण होतं?" मी सांगायचे, तुम्ही लिहायचात. मला वाटायचं, तुम्ही मला शिकवताय. किती मिरवले मी ते शाळेत! शुक्रवारी कळलं की त्याच्या बाबतीत तुमचा स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास उडाला होता.

आणि ओंद्रुशकाका. एके काळी आपल्याच संघात खेळलेला, आता मध्यंतरात रोल्बा यंत्र चालवून बर्फ गुळगुळीत करणारा तो माणूस पबमध्ये गेली एकोणीस वर्षं सांगतोय की त्याच्या नावावर बेचाळीस गोल आहेत, आणि नोंदी सांगतात एकेचाळीस. अख्खं गाव त्याला चिडवतं, "या बेचाळीस, बसा बेचाळीस!" मीही हसलेय, बाबा. तो विषय निघाला की तुम्ही पेला अर्धा टाकून उठायचात. तुम्ही दोघं बोलत नाही ते उसन्या नेलेल्या करवतीवरून, असं मी समजत होते.

काल दुपारी मी त्यांच्याकडे रोल्बाच्या शेडमध्ये गेले. म्हटलं, "काका, बेचाळीसच आहेत. मला कळलं." ते खरवडलेल्या बर्फाच्या ढिगावर मटकन बसले. फडक्याने हात पुसले. मग विचारलं, "बापाने सांगितलं?" मी म्हटलं, "नाही, रास्तोने." त्यांनी मान हलवली. "मग नाही धरता येणार, पोरी. माझ्या स्टिकला लागून गेली होती, मी तेव्हाच तुझ्या बापाला जाऊन सांगितलं. कागद बंद झाला म्हणाला. लिहिलं त्याने, तर सांगायचंही त्यानेच."

म्हणून हे पत्र. इतक्या जुन्या मॅचचा कागद आता बदलता येत नाही, मी विचारून पाहिलं. पण पाकिटात एक पोस्टकार्ड आहे. तिकीट लावलंय, ओंद्रुशकाकांचा पत्ता लिहिलाय, बाकी कोरं आहे. तुमच्या दातांचे ठसे असलेली ती आखूड पेन्सिलही घातलीय. तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही तो गोल बरोबर लिहिला असतात, तर त्या बादलीवर मला कुणी बसवलंच नसतं. सप्टेंबरमध्ये स्टेडियममध्ये पुन्हा बर्फ गोठवतील, रास्तो उतरेल, आणि माझ्या शेजारी तुमची खुर्ची मी आताच सांगून ठेवलीय. तोवर एवढंच करा. इतकी वर्षं तुम्ही मला विचारत आलात, आज मी विचारते. बाबा, कोण होतं?

तुमचीच, बादलीवरची,
ब्रोन्का