कात्रीचे दोन ठोके

दादा,

माझा खोकला गेला. दोन वर्षं तू कानीकपाळी ओरडलास तेव्हा डॉक्टरकडे गेलो नाही, तू आपलं शिलाईचं दुकान सोडल्यावर गेलो. डॉक्टरबाई म्हणाल्या, "छाती साफ आहे. खोकला आवरणारा मेंदूतला ब्रेक सैल झालाय. कापडाची धूळसुद्धा त्याला संकट वाटते." उबळ आली की आवंढा गिळायचा, नाकाने सावकाश श्वास घ्यायचा. मेंदू हळूहळू शिकतो म्हणे. माझा शिकला, मालकापेक्षा शहाणा निघाला.

माझी उबळ थांबली की आपल्या दोघांच्या टेबलांमधल्या फळीपलीकडून तू टेबलावर कात्रीचे दोन ठोके द्यायचास. मी बोटातल्या अंगुस्तानाच्या टोपीने एक द्यायचो, म्हणजे ठीक आहे. त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर तुझ्यावर खेकसलो, "मेलो नाही अजून, ठोकू नकोस." तू ठोकणं थांबवलंस आणि महिन्याभरात टेबलच दुसऱ्या गल्लीत नेलंस.

हे पत्र इथे राहिलेल्या तुझ्या कोटाच्या खिशात ठेवतोय. पाठवायला तोंड नाही.

आज दुपारी मशीन थांबवून मुद्दाम खोकलो. फळीपलीकडे सामसूम. तरी अंगुस्तानाने माझा एक ठोका दिलाच.

तुझा, आता नावापुरताच,
खोकलोबा