डबा छबूबाईंचा नव्हता

मी, कोंडाजी भैरू सुरवसे, वय वर्षे ६४, पूर्वीचा धंदा चाकणच्या एका कंपनीत कॅन्टीनचा आचारी, सध्या रिकामा, राहणार निघोजे, ता. खेड, जि. पुणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवतो. साखर वाढली आहे, अक्कल शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा मुलगा शेखर हल्ली "बाबा, तुम्हाला नीट आठवत नाही" असे म्हणतो. मला सगळे आठवते.

१. निघोजे येथील माझे स्वकष्टार्जित दोन खोल्यांचे घर मुलगी जयमाला हिला द्यावे. शेखरचा निगडीत फ्लॅट आहे. त्याने हरकत घेऊ नये.

२. बँकेतली ठेव दोघांना निम्मी निम्मी.

३. आता मुख्य गोष्ट. माझी पत्नी सुभद्रा १९९८ साली काविळीने गेली. शेखर सात वर्षांचा, जयमाला चार. आम्ही तेव्हा छबूबाई येळवंडे यांच्या चाळीत भाड्याने राहत होतो. कॅन्टीनमध्ये मी हजार माणसांचा स्वयंपाक करायचो, ती नोकरी. पण घरात स्टोव्ह पेटवला की तो बायकीपणा, असा चाळीतल्या मर्दांचा कायदा. "काय राव, बायको गेली आन् लुगडं तुम्हीच नेसलं व्हय?" असे एकाने नळावर सर्वांसमक्ष विचारले. त्या दिवसापासून मी मुले उठण्याआधी दार लावून स्वयंपाक करू लागलो आणि विचारणाऱ्याला सांगू लागलो, डबा छबूबाई देतात. मुलांनाही तेच सांगितले. तोवर ती माझ्या हातचे खात नव्हती. छबूमावशीने दिलंय म्हटल्यावर जयमालाने ताट चाटूनपुसून खाल्ले. मला बरे वाटले, आणि तिथेच मी फसलो.

छबूबाईंनी एक दिवसही डबा दिलेला नाही. पण मुलांनी "मावशी, दशमी छान होती" म्हटले की त्या "खावा रं बाळांनो" एवढेच म्हणत. जयमाला घरीच होती, तिला पुढे खरे समजले. शेखर पाचवीला वसतिगृहात गेला तो हाच समज घेऊन.

४. शेखरने माण इथली नोकरी सोडून दोन वर्षांपूर्वी शाळकरी मुलांच्या डब्यांचा धंदा काढला. नाव 'छबूआजीचा डबा'. खोक्यावर छबूबाईंचा नऊवारीतला फोटो. उद्घाटनाला शाल-नारळ त्यांना, खुर्च्या मांडायला मी. शेखरला बाजूला घेऊन मी खरे सांगितले. तो हसला. "बाबा, कॅन्टीनचं पातेलं ढवळणं वेगळं. मावशीच्या हाताची चव माझ्या जिभेवर आहे. आणि लोकांना डब्यावर आजी लागते, आजोबा कोण घेतं?" ज्याला घास भरवला त्याने हे म्हणावे! हे मी त्याला माफ केलेले नाही.

५. पुरावा पाहिजे असेल त्याने छबूबाईंना लाल भोपळ्याची दशमी करायला सांगावी. त्या पिठात पाणी ओततात आणि वर साखर. शेखरच्या किचनमध्ये त्यांचीच कृती चालते, डबे अर्धे भरलेले परत येतात ते उगीच नाही. कृती अशी: भोपळा किसून गुळासोबत झाकण ठेवून वाफवावा आणि सुटलेल्या रसातच पीठ मळावे. पाण्याचा थेंब नको. मुगाच्या धिरड्यात शेपू अगदी बारीक चिरून घालावा, पान दिसले की पोर ताट सरकवते. दोडक्याच्या शिरा फेकू नयेत, तिळाबरोबर परतून चटणी वाटावी. ताटात थोडे वाढावे, मागू द्यावे. भाजीचे नाव खाऊन झाल्यावर सांगावे. "पौष्टिक आहे, खा" असे तर मुळीच म्हणू नये. शेखरने हेच खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापले आहे.

या सर्व कृती जयमालाच्या नावे. शेखरने वापरायला हरकत नाही, मात्र खोक्यावर माझे नाव छापावे. छापायचे नसेल तर पाणी ओतत बसावे.

६. माझ्या दहाव्याचे जेवण शेखरच्या किचनमधून आणू नये.

७. साक्षीदार म्हणून छबूबाईंनीच सही करावी अशी माझी इच्छा होती. काल जाऊन त्यांना वरील मजकूर वाचून दाखवला.  ऐकून त्या म्हणाल्या, "कोंडाजीराव, माजा ल्योक वाकडला ऱ्हातो, पर फोन बी करत न्हाई. शेखरची पोरं मला आजी म्हनत्यात. यवढं बी काढून घेता व्हय?" मी म्हणालो, "बाई, ते तुमचं नव्हतंच." त्यांनी दार लावून घेतले.

खोटे पहिल्यांदा मी बोललो, त्यांनी फक्त नाही म्हटले नाही. एवढे मी कबूल करतो. पण तेव्हा माझ्या लाजेपायी गप्प बसलो, आता त्यांच्या एकटेपणापायी गप्प बसणार नाही. कलम तीन जसेच्या तसे राहील. दुसरा साक्षीदार वकिलांनी कोणीही बघावा.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला, आणि त्यातला एकही शब्द मागे घ्यायचा नाही.

ठिकाण: निघोजे
दिनांक: ९ ऑक्टोबर २०२५

मृत्युपत्र करणार: कोंडाजी भैरू सुरवसे (सही)

साक्षीदार १: किसन ज्ञानेश गवळी, कॅन्टीनमधील जुना सहकारी (सही)

साक्षीदार २: श्रीमती छबूबाई येळवंडे, राहणार निघोजे. सह्या चालू असताना स्वतःहून आल्या. (डाव्या हाताचा अंगठा) त्यांनी सांगितले ते किसन गवळी यांनी त्यांच्यासमोर लिहून घेतले: "समदं खरं हाय. खोक्यावरला माजा फोटू काढून टाका. पोरांनी आजी म्हनलं, तर तेवढं म्हनू द्या."