फाटकाशी हॉर्न

सोमवार, ९ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. भाऊजींनाही सांग, पण अर्धाच. मागच्या वेळी त्यांनी पुन्हा 'कॉलेज पूर्ण कर' काढलं होतं. मी बरा आहे. जेवतो, झोपतो, शर्टाला इस्त्रीसुद्धा करतो.

तुझ्या अंगणात पडलेली माझी मोटरसायकल विकू का, म्हणून विचारलंस. विकायची नाही म्हणजे नाही! कारण तुला ठाऊक आहे. एक ना एक दिवस कॉलेजातली ती परत माझ्या मागे बसणार. एकदा रुसली म्हणून कुणी कायमचं जात नसतं.

शोरूमचं म्हणशील तर, विजेवरच्या गाड्या विकणारं इथलं हे पहिलंच दुकान, आणि गिऱ्हाइकांचे डोहाळे पहिलटकरणीला लाजवतील असे. तोंडाने सगळे पृथ्वी वाचवायला येतात. मग हळूच विचारतात, "आमच्या गल्लीत कुणी घेतलीय का हो?" घेतलीय म्हटलं की चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा. नाही म्हटलं की वाचली पृथ्वी! एका दाढीवाल्या काकांनी धुरावर मला व्याख्यान दिलं आणि घरी गेले ते डिझेलच्या गाडीतून. ती म्हणे 'लांबच्या प्रवासाला' ठेवणार आहेत.

पण खरी पंचाईत पुढेच. गाडीला आवाज नाही, मग शेजाऱ्यांना कळणार कसं? म्हणून गाडी न्यायला आलेला प्रत्येक शहाणा आमच्या फाटकाशीच हॉर्नचा सराव करतो. समोर चिटपाखरू नसतं.

गुरुवार, १२ मार्च. पत्र टाकायचं राहूनच गेलं. परवा एक चष्मेवाला आला. आमच्याकडे रीत आहे, ट्रायलला घरचं माणूस सोबत आणायला सांगायचं, म्हणजे नंतर 'घरी पसंत नाही' हे निमित्त उरत नाही. त्याने होणाऱ्या बायकोला आणलं होतं.

ती होती, ताई.

"इथे असतोस होय?" एवढंच म्हणाली.

"ओळख आहे?" चष्मेवाल्याने विचारलं.

"एका वर्गात होतो," मी म्हणालो. तिने मान हलवली.

ट्रायलला मी पुढे त्याच्या शेजारी बसलो, ती मागे. बॅटरी पुरेल की नाही या धास्तीने त्या भित्र्याने एवढ्या उकाड्यात एसी बंद ठेवला. घामाने निथळत बैलगाडीच्या चालीने चालवत होता. हा हिला सांभाळणार? मी मुद्दाम खवचटपणे म्हणालो, "का हो, तुमच्या गल्लीत घेतलीय का कुणी?"

"कुणास ठाऊक," तो म्हणाला. "हिला पेट्रोलच्या वासाने लहानपणापासून मळमळतं. रुमाल लावूनही पाच मिनिटं बसवत नाही. लग्नानंतर कुठे न्यायचं म्हटलं तर दुसरा इलाज काय?"

मी आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती. हातात रुमाल नव्हता.

ताई, माझ्या मागे बसली की ती नाकातोंडाला रुमाल लावायची आणि तिच्या घराच्या अलीकडच्या चौकातच उतरायची. मला वाटायचं, कुणी बघेल म्हणून तोंड लपवते. शेवटी एकदा भर चौकात विचारलं, "माझी लाज वाटते ना?" "तसं नाही रे, मला..." असं काहीतरी म्हणत होती. मी किक मारली. आपल्या गाडीचा आवाज तुला माहीत आहे. पुढचं ऐकूच आलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मी कॉलेजात पाऊल ठेवलं नाही.

काल त्याने गाडी नेली. मीच चावी दिली. बावळटच आहे तो, घामट आणि भित्रा. ती शेजारी बसली, काच खाली केली आणि मोठा श्वास घेतला. फाटकातून जाताना त्याने हॉर्न वाजवला नाही. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग आला.

मोटरसायकल विकून टाक. घेणाऱ्याला सुरू करून दाखवावी लागेल. तेव्हा त्याला काही सांगायचं असेल तर आधीच सांग. एकदा किक मारली की ती कुणाचं ऐकू देत नाही.

तुझा,
भाऊ