आधीच चिकटवलेला तळ

दादा,

तू पाठवलेलं रिमोटच्या बोटीचं किट उघडलं. सगळे भाग सुटे होते, फक्त बोटीचा तळ आधीच चिकटवलेला. घराच्या वाटणीवरून आपलं वाजल्यापासून तू गोड वागलास की मला त्यात काळंबेरंच दिसतं. टबात सोडून पाहिली, थेंबही आत आला नाही. तरी मनातली पाल चुकचुकत राहिली. शेवटी तुझा जोड उकलून मी स्वतः चिकटवला. आज तळ्याच्या मध्यावर बोट बुडाली आणि मी काठावर रिमोट धरून उभा.

तो अवघड जोड तू मुद्दाम करून पाठवलास ना? माझे हात हल्ली थरथरतात, हे तुला कुणी सांगितलं? बायकोवर माझा संशय आहे.

हे पत्र पेटीत टाकणार नाही. अक्षर बघून तुझी खात्रीच पटेल.

तुझा,
धाकटा