हव म्हणजे हो

गोंदिया, बुधवार दुपार

प्रिय भुपेंद्र,

'सर' लिहिलं नाही. मेलमध्ये लिहिते तेवढं पुरे.

तुझा कालचा फोन मीच कापला, रेंज गेली नव्हती. तू पुन्हा एकदा तेच म्हणालास, 'चेतना, एका शब्दासाठी तू अख्खा प्रोजेक्ट अडवून धरणार का?' मला इतका संताप आला की त्या क्षणी तोंड उघडलं असतं तर आपलं बोलणंच कायमचं बंद झालं असतं. म्हणून लिहिते आहे. स्वीकृतीचा कागद माझ्या समोर टेबलावर आहे. खाली आमच्या संस्थेच्या वतीने माझं नाव छापलेलं आहे, सही तेवढी बाकी आहे. शुक्रवारपर्यंत सही झाली की सोमवारपासून आपल्या जिल्ह्यातल्या जोखमीच्या प्रत्येक गरोदर बाईला 'माहेरचा फोन' जायला लागेल. तुमचं मशीन तिला विचारेल, डोकं दुखतं का, सूज आहे का, बाळ हलतं का. ती सांगेल. मशीनला जे ऐकू येईल त्यावर सिस्टर तिच्या घरी जाईल, नाहीतर जाणार नाही. आणि सही झाली नाही तर कंपनी तुला या कामावरून काढेल, हेही तू सांगितलंस. ते मी विसरलेले नाही.

आधी घरची खबर. तुझी आई बरी आहे. इथे गोंदियालाच, दवाखान्यात मोनालीजवळ आहे. तुझ्या भाचीला काचेच्या पेटीतून बाहेर काढलं. वजन कमी आहे, पण रडायला लागली की वॉर्डातली बाकीची बाळं जागी होतात. आवाज मामावर गेला आहे, असं सगळे म्हणतात. तुझ्या आईनेच, पार्वताकाकूंनी, तुला फोनवर सांगितलं ना, बाळ जरा लवकर आलं, बाकी सगळं ठीक आहे? तुला तेवढंच सांगायचं असं ठरलं होतं. आता पुढे वाच, आणि मध्ये उठून फोन लावू नकोस.

ती दिवाळीनंतरची सुट्टी आठवते का? तू पुण्याला नोकरीला लागून थोडेच महिने झाले होते. मोनाली आणि मी तुला सोडायला आमगावहून गोंदिया स्टेशनला आलो होतो, चिवड्याचा डबा तिच्या मांडीवर. गाडी हलली तेव्हा तू दारातून विचारलंस, 'पत्र लिहिशील ना?' मी म्हटलं, 'हव.' तर तू हसून ओरडलास, 'अगं, हो म्हणत जा आता! हव म्हटलं की पुण्यात हसतात.' मोनाली परतीच्या वाटेवर बसमध्ये 'हो हो हो' करून मला चिडवत होती. मी हसले, पण मला लागलं होतं. तुझ्या खोलीतल्या पोरांनी तुला हसून हसून तो शब्द तुझ्या तोंडातून काढून टाकला होता, आणि आता तू तो माझ्या तोंडातून काढायला निघाला होतास. मी पत्र लिहिलं नाही. नंतर तुझ्या लग्नाची पत्रिका आली, मग तर लिहिण्यासारखं काही उरलं नाही. मला वाईट वाटलं होतं, हे आता सांगायला हरकत नाही.

तर या यूएटीचं, तुमच्या मशीनच्या चाचणीचं. काकूंनी मला विचारलं होतं, 'हे यूएटी म्हणजे काय वो?' मी म्हटलं, दुकानदाराने कितीही सांगितलं की कुकर चांगला आहे, तरी आपण घरी आणून आपल्याच तांदळाचा भात लावून पाहतो ना, तेच. त्यांना लगेच पटलं. तुला मात्र पटवायला किती भांडावं लागलं! तू लिहिलंस, ज्यांना मोबाईल नीट हाताळता येतो अशाच बाया घ्या. मी म्हटलं, ज्यांना फोन येणार त्याच बाया येतील. कुणाला कोणत्या दिवशी बोलवायचं, नेटवर्क नसेल तर काय करायचं, कोणती चूक गंभीर आणि कोणती किरकोळ, सगळं आपण वाद घालून ठरवलं. प्रत्येक बाईने काय सोंग करायचं त्याची कार्डं मात्र तुमच्याकडून छापून आली. 'तुमचं डोकं दुखतं का, असं विचारल्यावर म्हणा: हो.' आमगावला पहिली फेरी झाली, नागऱ्याला दुसरी. बाया शाळेत उभं राहून धडा वाचावा तशा कार्ड वाचायच्या, ठसठशीत 'हो' म्हणायच्या, आणि माझ्या लॅपटॉपवर हिरव्या खुणा उमटायच्या. तू मला अंगठा पाठवलास, केकचं चित्रही पाठवलंस. मीही खूश होते. फोन ठेवला की याच बाया एकमेकींना 'चहा घेतेस का?' 'हव' असं बोलत होत्या. माझ्या कानाला त्याची इतकी सवय की मला ते ऐकूच आलं नाही.

तिसरी फेरी केशोरीला होती. ऊन मी म्हणत होतं. गावच्या आशा सेविका शामकलाने अंगणवाडीत बायांना बसवलं. त्यांच्यातली एक, तुझ्या कागदावरची वापरकर्ता क्रमांक सतरा. मी इथेही नंबरच लिहिते, कारण तू तिला नंबरानेच ओळखतोस. तिच्या कार्डावर सगळी उत्तरं 'नाही' होती. दोन-तीन बाया धडधाकट ठेवायच्या, म्हणजे मशीन उगाच कुणाला आजारी ठरवत नाही ना ते कळतं, असं तूच शिकवलं होतंस. फोन वाजला. तिने कार्ड मांडीखाली सारलं आणि म्हणाली, 'मलेच इचारून राह्यली न ते बाई, मंग कार्ड कायले वाचू?' मशीनने विचारलं, तुमचं डोकं दुखतं का? ती म्हणाली, 'हव.' मशीन म्हणालं, माफ करा, मला समजलं नाही, तुमचं डोकं दुखतं का? ती जोराने म्हणाली, 'हव न वो बाई, हव!' मशीन पुढच्या प्रश्नावर गेलं. डोळ्यांपुढे अंधारी येते का? हव. पायांवर सूज आहे का? हव. 'हे मशीनबाई माह्या सासूवानी बयरी हाय,' असं ती म्हणाली आणि सगळ्या बाया हसल्या. शेवटी मशीन गोड आवाजात म्हणालं, धन्यवाद, तुमची तब्येत छान आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलू.

माझ्या लॅपटॉपवर हिरवी खूण आली. अपेक्षित उत्तर: त्रास नाही. मिळालेलं उत्तर: त्रास नाही. पास. भुपेंद्र, कानाने मी तिचं 'हव' ऐकलं होतं आणि डोळ्यांनी 'नाही' वाचत होते. शामकला तिच्यावर खेकसली, 'काऊन वो, तुह्या कार्डात तं नाही लिवला हाय!' ती खाली बघून म्हणाली, 'लिवला असन. पन खरंच डोस्का दुखून राह्यला ताई. उनाचा असन.' मग कोणी हसलं नाही.

उपकेंद्रातली सिस्टर तिथेच होती. तिने बीपीचा पट्टा बांधला, आकडा पाहिला, पट्टा सोडला आणि पुन्हा बांधला. मग पायावर बोट दाबलं. खड्डा पडला तो तसाच राहिला. सिस्टर मला बाजूला घेऊन म्हणाली, 'ताई, गाडी बोलवा. थांबू नोका.' अर्जुनीच्या दवाखान्यात इंजेक्शन देऊन त्यांनी आम्हाला पुढे गोंदियाला पाठवलं. गाडीत मी होते, तिचा नवरा होता, सिस्टर होती. ती सारखी म्हणत होती की मिरच्या वाळत घातल्या आहेत, कोणी भरून ठेवल्या नसतील. कोहमारा सोडल्यावर तिचं बोलणं थांबलं आणि तिला झटका आला. सिस्टरने तिला कुशीवर वळवलं, मी तिचा खांदा धरून ठेवला. तिचा नवरा तिचं नाव घेऊन ओरडत होता आणि ड्रायव्हर हॉर्नवरचा हात काढत नव्हता. गोरेगाव कधी गेलं मला कळलं नाही. गोंदियाला पोचताच तिला ऑपरेशनला नेलं. डॉक्टर बाहेर आल्यावर एवढंच म्हणाल्या की आज ही बाई घरी राहिली असती तर उद्या आम्हाला काही करता आलं नसतं. मी तिथेच भिंतीला टेकून रडले. त्या दिवशी तिला कोणत्याही मशीनने वाचवलं नाही. कार्ड वाचायचा तिला कंटाळा होता, तेवढ्याने ती वाचली.

दुसऱ्या दिवशी मी मशीनच्या या चुकीची नोंद पाठवली. 'वापरकर्ता क्रमांक १७ यांनी हव असे उत्तर दिले, सिस्टिमने नाही असे नोंदवले. गंभीर.' तुझं उत्तर दुपारीच आलं. मी तेव्हा वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसले होते. 'ही चूक किरकोळ आहे. उत्तर समजलं नाही तर ते नाही असं धरायचं, हे आपण ठरवूनच केलं आहे, नाहीतर सिस्टरांवर खोट्या सूचनांचा मारा होईल. वापरकर्त्यांना हो म्हणण्याचं प्रशिक्षण द्यावं. बाकी पुढच्या टप्प्यात पाहू.' खाली तुझं नाव. शेजारी बसलेल्या बाईंनी विचारलं, कोणाचा मेसेज? मी म्हटलं, ऑफिसचा.

हो म्हणण्याचं प्रशिक्षण! तुला स्वतःला किती दिवस लागले होते रे? आणि तू तर धडधाकट होतास, चांगली नोकरी होती, शिकवायला पोरं होती. जिचं डोकं फुटायला आलं आहे, डोळ्यांपुढे काळोख येतो आहे, ती बाई फोनवर बरोबर शब्द आठवत बसेल का? तिच्या तोंडून तोच शब्द येणार जो तिची आई बोलते. तू आपल्याकडचा म्हणून कंपनीने भाषेचं काम तुझ्यावर सोपवलं. तू स्वतः मशीनशी बोललास, स्वच्छ 'हो' म्हणालास, मशीनला समजलं, तुला वाटलं झालं. मला तुझा राग येतो तो यासाठी. पुण्याच्या एखाद्या पोराची ही चूक असती तर मी त्याला नीट समजावून सांगितलं असतं. तू तर लहानपणी अंगणातून आईच्या हाकेला हवच म्हणायचास, माझ्या घरापर्यंत ऐकू यायचं.

आता त्या सतरा नंबरच्या बाईचं. चाचणीच्या कागदावर कोणाचं नाव लिहायचं नसतं, म्हणून तू नुसता आकडा वाचलास. ती दरवर्षी तुला पुण्याला केशोरीची मिरची पाठवते. बाकावर माझ्या शेजारी बसून मेसेज कोणाचा ते विचारणाऱ्या पार्वताकाकू होत्या. मोनाली आहे ती, भुपेंद्र. शुद्धीवर आल्यावर तिने आधी बाळाचं विचारलं, आणि मग गाडीत तिचं नाव घेऊन ओरडणाऱ्या प्रफुल्लला, काकूंना आणि मला शपथ घातली, 'भाऊले सांगू नोको. त्याचा काम बिघडन.' म्हणून लवकर आलं, सगळं ठीक, एवढंच तुझ्यापर्यंत पोचलं. मी गप्प राहणार होते. पण काल तू 'एका शब्दासाठी' म्हणालास आणि मग मला राहवलं नाही. मी सही करणार नाही. शुक्रवारी संस्थेचं पत्र येईल, त्यात नंबरच असेल. त्याआधी ही सतरा नंबरची बाई कोण ते तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र आज स्पीड पोस्टने टाकते आहे. मशीनला हव शिकव. आणि समजलं नाही तर उत्तर 'नाही' धरू नका, सिस्टरला पाठवा. खोटी फेरी पडली तर आमच्या सिस्टर मला शिव्या देतील, मी खाईन. एवढं करून आण, मी पहिल्या दिवशी सही करते, आणि तुझ्या साहेबाशी बोलायचं असेल तर तेही बोलते. पण त्याआधी मोनालीला फोन लाव. काकूंना नको, तिलाच लाव. बरी आहेस का, एवढंच विचार. ती एकच शब्द बोलेल. तो नीट ऐक.

पत्र लिहिशील का म्हणून तू विचारलं होतंस, आणि मी जे उत्तर दिलं होतं ते खरं होतं.

तुझीच,
अजूनही हव म्हणणारी
चेतना